टाळ वळणावर थांबले तेव्हा

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

माझे वडील गेल्या श्रावणात वारले. पंचवटीत आमच्या भागातील भजनी मंडळात ते चाळीस वर्षे टाळकरी होते. ‘माझ्यामागे रडारड करू नका, मला अभंग म्हणत न्या,’ असे ते अनेकदा सांगत. पण हसत हसत सांगत असल्यामुळे आम्ही ते कधी मनावर घेतले नाही. त्या दिवशी मंडळातील त्यांचे सोबती टाळ-मृदंग घेऊन आपण होऊन आले आणि तिरडी उचलताच त्यांनी ‘आम्ही जातो आपुल्या गावा’ हा अभंग धरला. मामांना ते सहन झाले नाही. ‘माझी बहीण आत ऊर बडवून घेते आहे आणि तुम्ही टाळ कुटता?’ असे ते मोठ्याने म्हणाले. दादाने खांदा दिलेला असतानाच मंडळींना थांबायला सांगितले. मी दारात उभी होते. गल्लीच्या वळणावर टाळ थांबले, तो क्षण माझ्या कानांतून अजून जात नाही. मंडळी अमरधामपर्यंत मुकाट्याने चालत गेली आणि त्यानंतर आमच्या घरी कोणी आले नाही.

पुढे चार महिन्यांनी वहिनीचे वडील गेले. तिचे माहेर शरणपूर भागातील ख्रिस्ती कुटुंबातले आहे. तिथे लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे हातात पुस्तक धरून गात होते. ‘संध्याकाळ होत आली आहे, माझ्याजवळ राहा’ अशा अर्थाचे एक गीत होते. वहिनी रडत होती आणि गातही होती. ते पाहून मला वडिलांची फार आठवण झाली आणि थोडा हेवाही वाटला.

आता वर्षश्राद्ध महिन्यावर आले आहे. त्या दिवशी भजन व्हावे असे दादाला वाटते. मामा म्हणतात, झाले ते झाले. आई तर तो अभंग रेडिओवर लागला तरी उठून स्वयंपाकघरात जाते. ही गीते गेलेल्या माणसासाठी असतात की मागे राहिलेल्यांसाठी? आम्ही वडिलांची गती अडवली का? आणि आता काय करावे?

एक वाचक, नाशिक

उत्तर

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोन-तीन वेळा वाचले. आपल्या तीन प्रश्नांपैकी मधला प्रश्नच आपली झोप उडवत असणार, असे वाटल्यामुळे उत्तराची सुरुवात तिथूनच करते. वडिलांची गती आपण अडवलेली नाही. जो अभंग त्या वळणावर तुटला, तोच याची साक्ष देतो. ‘आम्ही जातो आपुल्या गावा । आमचा राम राम घ्यावा’ असे तुकोबा म्हणतात, तेव्हा त्यांचे जाणे ठरलेले आहे. त्यासाठी त्यांना कोणाची परवानगी नको आहे आणि कोणाचे साहाय्यही नको आहे. वाटेवरच्या लोकांनी नाम घ्यावे, विठ्ठल विठ्ठल म्हणावे, एवढे ते प्रेमाने सांगतात. परंतु तुम्ही म्हटलेत तर मी पोहोचेन आणि न म्हटलेत तर वाटेत अडकेन, असे त्या अभंगात कुठेही नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे एकादशी चुकू न देता टाळ धरला असेल, त्याची सगळी जोडी गल्लीच्या एका वळणावर वाया जाते, असे वारकरी पंथातला कोणीही जाणता माणूस म्हणणार नाही. ही भीती मनातून काढून टाका. मग जे उरेल ते दुःख असेल, आणि त्याच्याशी आपल्याला बोलता येईल.

ही गीते कोणासाठी असतात, या आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. अंत्यविधीच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या गीतांकडे पाहताना मी नेहमी एक गोष्ट तपासते: या गीतात बोलते आहे कोण? गेलेला माणूस बोलतो आहे, मागे राहिलेले बोलत आहेत, की कोणी तिसराच दोघांना उपदेश करतो आहे? ऐकणाऱ्याच्या मनावर काय उमटते ते बरेचसे यावर ठरते. आपल्या घरी जे घडले त्याचे मूळही मला यातच दिसते.

‘आम्ही जातो’ हा तुकोबांच्या निर्याणाच्या अभंगांपैकी एक आहे. फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकाराम बीजेला, देहूहून ते वैकुंठाला गेले अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे आणि त्या निरोपाचे हे अभंग आहेत. त्यातले ‘आम्ही’ म्हणजे जाणारा माणूस. ‘तुमची आमची हेचि भेटी । येथुनियां जन्मतुटी’ हे तो मागे राहणाऱ्यांना सांगतो, आणि पुढच्याच चरणात ‘आतां असों द्यावी दया । तुमच्या लागतसें पायां’ म्हणून त्यांच्या पाया पडतो. वैकुंठाला निघालेला माणूस गावच्या लोकांच्या पाया पडून निघतो, ही या अभंगातली नम्रता मला फार मोलाची वाटते. तिरडीपुढे हा अभंग म्हणणारी मंडळी स्वतःचे काही सांगत नसतात. ज्याचे ओठ आता मिटले आहेत, त्याच्या वतीने ते त्याचा निरोप सांगत असतात. आपल्या वडिलांबरोबर ज्यांनी आयुष्यभर एका तालात टाळ वाजवला, त्यांच्या दृष्टीने ही शेवटची सेवा होती, आणि तीही वडिलांनी स्वतः मागून घेतलेली.

आता हाच अभंग आपल्या आईच्या कानांनी ऐकून पाहा. घरातून माणूस निघाला आहे आणि बाहेरून आवाज येतो आहे, ‘आम्ही जातो आपुल्या गावा.’ वारकऱ्याला ‘आपुला गाव’ म्हणजे वैकुंठ हे चटकन समजते. परंतु जिने त्या माणसाबरोबर सगळा संसार केला, तिला त्या क्षणी शब्दाचा साधा अर्थच ऐकू येतो: हे चालले त्यांच्या गावाला, मग हे घर कोणाचे होते? मी कोणाच्या गावात राहत होते? आईने हे असेच मनाशी म्हटले असेल असे मी सांगू शकत नाही. मात्र तो अभंग लागला की त्या उठून जातात, यावरून तो शब्द त्यांना कुठेतरी रुतून बसला असावा, असे मला वाटते. आई त्या अभंगाचा किंवा भक्तीचा तिरस्कार करत असतील, असे कृपा करून समजू नका.

मामांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्या पत्रात त्यांच्यावर थोडा राग दिसतो. आपल्या खेड्यापाड्यांत मयताच्या घरी बायका हेल काढून रडतात. त्या रडण्याला चाल असते, यमक नसले तरी लय असते, आणि त्यात गेलेल्या माणसाचे सगळे आयुष्य येते: त्याने बांधलेली विहीर, त्याने लावलेला आंबा, लेकीच्या लग्नात त्याने घातलेला फेटा. शहरातल्या लोकांना हा गोंगाट वाटतो. मला मात्र हे आपल्याकडचे सर्वांत जुने अंत्यगीत वाटते, आणि त्यात बोलणारी व्यक्ती स्पष्ट असते. मागे राहिलेली बाई गेलेल्या माणसाशी बोलते, त्याला जाब विचारते. त्या दिवशी आपल्या दारात ही दोन गीते एकाच वेळी सुरू झाली. आत आई विचारत होत्या, ‘मला टाकून कसे गेलात?’ आणि बाहेर वडिलांच्या वतीने उत्तर येत होते, ‘आम्ही जातो.’ आईचे विचारून होण्याआधीच उत्तर आले. मामा बहिणीच्या बाजूने उभे राहिले, त्यांचे शब्द कडवट झाले, पण त्यांची जागा चुकीची नव्हती. मंडळींचीही नव्हती. घटकाभर आधी आईला मनसोक्त रडू दिले असते आणि मंडळींपैकी एखाद्या वडीलधाऱ्याने आत येऊन ‘वहिनी, त्यांचे सांगणे होते, अभंग म्हणू का?’ असे विचारले असते, तर कदाचित आईनेच होकार दिला असता. तिरडी निघण्याच्या घाईत हे कोणाला सुचत नाही.

अभंग म्हटले की रडू नये, रडणे म्हणजे अज्ञान, असा एक समज पसरलेला आहे. तो निदान वारकरी पंथाच्या इतिहासाला धरून नाही. आपण नाशिककर, म्हणून त्र्यंबकेश्वरचेच उदाहरण देते. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी निवृत्तिनाथांची समाधी आहे आणि पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्या लोटतात. निवृत्तिनाथ म्हणजे ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरू. आत्मा अमर आहे हे ज्यांनी ज्ञानदेवांना शिकवले ते. सन १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीला, आळंदीत ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत, आणि त्यांत निवृत्तिनाथ कसे कोसळले ते मुळीच लपवलेले नाही. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा आणि पाणी बारा वाटांनी धावत सुटावे, बांधलेल्या पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ पांगावे, हरिणीवाचून पाडसांनी दाही दिशा भटकावे, तशी आपली दशा झाली, असा तो शोक आहे. आईवडील सोडून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, असे तिथे म्हटले आहे. दरवर्षी त्या तिथीला आळंदीत नामदेवांच्या वंशजांचे समाधीचे कीर्तन होते आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहते. सातशे वर्षांहून अधिक काळ हा पंथ त्या एका वियोगासाठी रडत आला आहे आणि त्या रडण्याला त्याने अभंगाचे रूप दिले आहे. गुरूला रडण्याची मुभा आहे, तर आपल्या आईला का नसावी?

हे अभंग मागे राहिलेल्यांचे आहेत. आपल्या घरी पहिल्यांदा यांची गरज होती, असे मला वाटते. जाणाऱ्याचा निरोप ऐकण्याआधी राहिलेल्यांना स्वतःचे दुःख म्हणायला मिळाले पाहिजे.

तिसरा आवाज उपदेशाचा. दहाव्याला रामकुंडावर किंवा गावी नदीकाठी पिंडदान होते, कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते आणि आपल्या भागात त्या वेळी प्रवचन ठेवण्याची पद्धत आहे. त्यात हमखास ऐकू येणारा श्लोक म्हणजे ‘मरे एक त्याचा दुजा शोक वाहे । अकस्मात तोही पुढें जात आहे.’ हा समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांतला आहे, आणि समर्थांची तपश्चर्येची बारा वर्षे आपल्या टाकळीतच गेली असल्यामुळे नाशिकच्या माणसाला तो घरचा वाटतो. श्लोक खरा आहे, परंतु तो मनाला केलेला उपदेश आहे. समर्थ तो स्वतःच्या मनाला सांगतात. दुसऱ्याच्या ताज्या दुःखावर तो ठेवून देण्यासाठी नाही. तुकोबांच्या एका अभंगात ‘बाईल मेली मुक्त जाली’ आणि ‘पोर मेलें बरें जालें’ असे शब्द आहेत. दुष्काळात ज्यांनी स्वतःची बायको आणि मूल गमावले, त्यांनी स्वतःच्या काळजावर पाय ठेवून उच्चारलेले हे शब्द आहेत. तेच शब्द शेजाऱ्याने एखाद्या आईला ऐकवले तर ती क्रूरता होईल. म्हणून अभंग निवडताना तो थोर आहे का, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणी कोणाला म्हणायचा, हेही पाहावे लागते.

आता आपल्या वहिनींच्या माहेराविषयी. आपल्याला जे गीत मनाला भिडले, ते वर्णनावरून हेन्री फ्रान्सिस लाइट या अँग्लिकन धर्मगुरूच्या प्रसिद्ध संध्यागीताचे मराठी रूप असावे. लाइट क्षयाने खंगून १८४७ साली वारला आणि या गीतातली संध्याकाळ ही त्याच्या स्वतःच्या आयुष्याचीही संध्याकाळ आहे. गीताचा धागा लूकच्या शुभवर्तमानातल्या एका प्रसंगाशी जुळतो. येशूला क्रुसावर देऊन तीनच दिवस झाले आहेत, दोन शिष्य खिन्न मनाने अम्माऊस गावाकडे चालले आहेत, एक अनोळखी वाटसरू त्यांच्याबरोबर होतो, आणि ते त्याला म्हणतात, आमच्याबरोबर राहा, दिवस उतरला आहे. म्हणजे हे मागणे मुळातच शोकात असलेल्या माणसांचे आहे. महात्मा गांधींना हे गीत फार प्रिय होते, आणि दिल्लीत २९ जानेवारीला होणाऱ्या सैन्याच्या संचलनसमाप्तीच्या सोहळ्यातही ते वर्षानुवर्षे वाजवले जात असे.

यात बोलतो आहे कोण? गाणारा प्रत्येक जण. शवपेटीभोवती उभा असलेला माणूस मृतासाठी काही मागत नाही. माझ्याही आयुष्याची संध्याकाळ होणार आहे, तेव्हा तू माझ्याजवळ राहा, असे तो स्वतःसाठी देवाजवळ मागतो. त्यामुळे तिथे वडील गमावलेली मुलगी आणि केवळ शेजारधर्म म्हणून आलेला माणूस एकाच ओळीत उभे राहू शकतात, एकच शब्द म्हणू शकतात. आपल्याला जो हेवा वाटला, तो बहुधा या गोष्टीचा असेल.

दुसरे कारण अधिक साधे आहे. त्या लोकांना ती गीते आधीपासून येतात. दर रविवारी उपासनेत उभे राहून गाण्याची सवय लहानपणापासून असते आणि ‘उपासना संगीत’ हे पुस्तक घराघरात असते. दुःखाच्या दिवशी त्यांना काही नवे शिकावे लागत नाही. त्या पुस्तकात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पुष्कळ गीते आहेत. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने विलायती चालींवर बेतलेल्या भाषांतरांच्या बरोबरीने अभंग, ओवी आणि भजनाची वाट मराठी ख्रिस्ती लोकांना मोकळी करून दिली. त्यामुळे आपल्या वहिनींच्या आणि आपल्या वडिलांच्या गाण्यात आपल्याला वाटते तितके अंतर नाही. चरणांची मोडणी पुष्कळ ठिकाणी एकच आहे.

शरणपूरचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकी मुले एकोणिसाव्या शतकात शरणपूरच्या मिशनमध्ये शिकत होती. त्यांपैकी जेकब वेनराइट हा तरुण पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले गेले. जवळ ना चर्च होते, ना पाद्री. दफनविधीचे शब्द वाचले ते नाशिकमध्ये शिकलेल्या या जेकबने. त्यानंतर त्यांच्या माणसांनी ते शव महिनोन्‌महिने वाहून किनाऱ्याला आणले. मुखी बसलेले शब्द कुठे उपयोगी पडतील हे कोणाला आधी ठाऊक नसते.

आपल्याच शहरातल्या बौद्ध घरांत अंत्यविधीला त्रिसरण-पंचशील होते आणि ‘अनिच्चा वत सङ्खारा’ ही पाली गाथा म्हटली जाते. बुद्धांच्या महापरिनिर्वाणाच्या वेळची ही गाथा आहे. सर्व संस्कार, म्हणजे घडून आलेल्या सगळ्या गोष्टी, अनित्य आहेत, उपजणे आणि विलय पावणे हा त्यांचा धर्म आहे, त्यांचे शमणे हेच सुख, असे ती सांगते. तिच्यात जाणाऱ्याचाही आवाज नाही आणि राहणाऱ्याचाही नाही. ज्यांना त्या घडीला कोणाचाच आवाज सोसवत नाही, त्यांना असे शांत शब्द आधार देतात.

समूहाने गाण्यात एक गोष्ट अशी आहे की जी एकट्याच्या गाण्यात नाही आणि ध्वनिमुद्रित गाण्यात तर मुळीच नाही. भजनात एक जण चरण म्हणतो आणि बाकीचे ध्रुपद उचलतात. ज्याचा घसा दाटून येतो तो गप्प बसतो, तरी अभंग थांबत नाही. हुंदका आवरला की तो पुन्हा त्यात येऊन मिळतो. माझी आई गेली तेव्हा ‘हेंचि दान देगा देवा’ मी म्हणणार असे मी हट्टाने ठरवले होते. दुसऱ्या चरणाला माझा आवाज गेला. आमच्या शेजारच्या आजींनी माझ्याकडे न पाहता तो चरण पूर्ण केला आणि ध्रुपदाला मी पुन्हा आले. त्या दिवसापासून माझे मत असे झाले आहे की अशा वेळी उत्तम गाणारा एक माणूस असण्यापेक्षा बेताचे गाणारी दहा माणसे असावीत. हल्ली वैकुंठरथावर कर्णा लावून कुठल्याशा प्रसिद्ध गायकाचा अभंग वाजवतात. गायकी उत्तम असते, पण ते गाणे कोणासाठी थांबत नाही आणि कोणाला आपल्यात घेतही नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी आपण ते टाळावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता काय करावे ते लिहिते. सर्वांत आधी दादांनी स्वतः मंडळातल्या सर्वांत वडील टाळकऱ्यांच्या घरी जावे. फोन करू नये आणि निरोपही पाठवू नये. त्या दिवशी थांबायला सांगणारे तेच होते, तेव्हा हात जोडून बोलवायलाही त्यांनीच गेले पाहिजे. लांबलचक खुलासा करण्याची गरज नाही; ‘वडिलांचे राहिले आहे, ते तुमच्याशिवाय होणार नाही,’ एवढे पुरे. ही माणसे रागावून दूर राहिली असतील असे मला वाटत नाही. आपल्यामुळे मयताच्या दारात कलह झाला, या संकोचाने ती आली नसतील. मामांनाही दादांनीच बोलवावे, आणि त्यांच्याकडून कबुली मागू नये.

आईंना काही समजावून सांगू नका. ‘अहो, त्याचा अर्थ वैकुंठ असा आहे’ हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. चाळीस वर्षे एका टाळकऱ्याच्या घरात काढलेली बाई आहे ती. त्याऐवजी एखाद्या दुपारी निवांत बसून विचारा की वडील घरात, अंघोळीला जाताना, देवपूजेला बसताना, काय गुणगुणत असत. मंडळात जे म्हटले जाते आणि घरात जे गुणगुणले जाते, ते नेहमी एकच असते असे नाही. आई जो अभंग सांगतील तो भजनात पहिला घ्या, मग ती साधी गौळण निघाली तरी हरकत नाही. श्राद्धाला गौळण कशी, असे कोणी म्हणाले, तर हे त्यांच्या पत्नीने सांगितले आहे, असे सांगा.

त्यानंतर नामदेवांच्या समाधीच्या अभंगांपैकी एक-दोन घ्यावेत. मंडळातल्या जाणत्या माणसाला ते ठाऊक असतील आणि चालही असेल. या वेळी कोणी रडले तर भजन थांबवू नये, आणि रडणाऱ्यालाही थांबवू नये. मग ‘हेंचि दान’ घ्यावे. त्याचा शेवट एकदा नीट वाचून ठेवा: ‘न लगे मुक्ति धन संपदा । संतसंग देई सदा ॥ तुका म्हणे गर्भवासीं । सुखें घालावें आम्हांसी.’ आपण गेलेल्या माणसाला मुक्ती मिळो म्हणतो, आणि हा अभंग म्हणतो, मुक्ती नको, खुशाल पुन्हा जन्माला घाल, फक्त तुझा विसर पडू देऊ नको आणि संतांची संगत दे. टाळकऱ्याची इच्छा दुसरी काय असणार? वडिलांच्या गतीविषयीची आपली शंका अजून थोडी उरली असेल, तर या दोन चरणांपाशी थोडा वेळ थांबा.

महिनाभराचा अवधी हाताशी आहे, त्याचा उपयोग करा. हे चार-पाच अभंग मोठ्या अक्षरात लिहून काढा, त्यांच्या प्रती करा आणि रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर घरातल्या सर्वांनी, मुलांनीसुद्धा, एकेक म्हणावा. सूर जमला नाही तरी शब्द बसू द्या. वहिनींनाही त्यात घ्या. त्यांची इच्छा असेल तर टिळकांचे एखादे गीत त्यांनी निवडावे आणि सर्वांनी त्यांच्यामागून म्हणावे; इच्छा नसेल तर विषय सोडून द्या, कारण त्यांचे दुःखही अजून वर्षाचे झालेले नाही. श्राद्धविधी सकाळी आटोपतील, भजन संध्याकाळी ठेवा, म्हणजे जेवणावळीची गडबड मध्ये येणार नाही आणि कामावरून परतलेली मंडळातली माणसेही येऊ शकतील. वडिलांचे टाळ घरात असतील तर ते फोटोपुढे ठेवण्याऐवजी कोणाच्या तरी हातात द्या. दादांनी घेतले तर उत्तमच. त्यांना ठेका येत नसेल तर या महिन्यात तेही शिकता येईल.

‘आम्ही जातो’ अगदी शेवटी घ्यावा, आणि तोही आईंना आधी सांगून. त्यांना उठून जायचे असेल तर जाऊ द्यावे; स्वयंपाकघराचे दार मात्र उघडे असावे. हा अभंग शेवटी घेण्यास मी सांगते त्याचे कारण त्याच्या पहिल्याच ओळीत आहे. ‘आमचा राम राम घ्यावा’ असे जाणारा म्हणतो. आपल्याकडे कोणी राम राम म्हटला तर समोरचा गप्प राहत नाही, तोही राम राम म्हणतो. वैऱ्याचाही राम राम परत करण्याची आपली रीत आहे. त्या दिवशी वळणावर टाळ थांबले तेव्हा वडिलांचा राम राम सांगून झाला होता, आणि आपल्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नव्हते. माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्या कानांत वर्षभर तेच राहिले आहे. त्या संध्याकाळी अभंग संपला की मृदंग थांबू द्या, टाळ खाली ठेवू द्या, आणि घरातल्या प्रत्येकाने, मामांनीसुद्धा, वडिलांना एकदा मोठ्याने राम राम म्हणावे. आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या तरी चालेल.

आपली,
सदरलेखिका